बडोद्यात इमर्जन्सी मेडिसिनचे एम.डी. करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील एका शिक्षण रुग्णालयात मी आपत्कालीन वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, म्हणजे रेसिडेंट, आहे. नीट-पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे, निकाल लागले की महाराष्ट्रातून, इंदूर-ग्वाल्हेरकडून आणि इथल्याच दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न येऊ लागतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, बरेचसे त्यांच्या आईवडिलांचे. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मते माझी आहेत, विभागाची नव्हेत. रुग्णांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ही शाखा म्हणजे जुनी कॅज्युअल्टीच ना?

जागा बहुधा तीच असते, काम बदलले आहे. जुन्या पद्धतीत कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, म्हणजे सीएमओ, रुग्णाची नोंद करीत असे, एमएलसीचे, म्हणजे पोलिसांत कळवायच्या प्रकरणांचे, कागद पुरे करीत असे आणि छातीत दुखत असेल तर मेडिसिनला, हाड मोडले असेल तर ऑर्थोला कॉल देत असे. त्या विभागाचा डॉक्टर खाली उतरून येईपर्यंतची वीस मिनिटे किंवा दोन तास नेमके कोणाच्या जबाबदारीचे, हे कोठेच लिहिलेले नसे. तेवढ्या वेळाची पूर्ण जबाबदारी घेणारा डॉक्टर तयार करणे हा या शाखेचा उद्देश आहे.

अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९७० साली या विषयातील पहिली रेसिडेन्सी सुरू झाली आणि १९७९ मध्ये तेथे शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये हा विषय एम.डी.साठी स्वतंत्र मानला, म्हणजे मेडिसिन किंवा सर्जरीच्या मानाने आपली शाखा अगदीच लहान वयाची आहे. त्यातही २०२३ मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या पदवी महाविद्यालयांसाठी जे किमान निकष ठरवले, त्यांतील अनिवार्य विभागांच्या यादीत इमर्जन्सी मेडिसिन ठेवले नाही. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता, कारण नव्या, लहान शहरांतल्या महाविद्यालयांनाच या विभागाची गरज सर्वाधिक असते.

एम.डी., डी.एन.बी. आणि एम.ई.एम. यांत फरक काय?

एम.डी. आणि डी.एन.बी. (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) या दोन्ही मान्यताप्राप्त पदव्या आहेत, दोन्ही तीन वर्षांच्या आहेत आणि दोन्हींना प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवरच मिळतो. डी.एन.बी.च्या जागा प्रामुख्याने खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत असतात, त्यामुळे तेथे हृदयविकार आणि पक्षाघाताचे रुग्ण भरपूर, तर सर्पदंश आणि विषबाधा तुलनेने कमी पाहायला मिळतात. एम.ई.एम. (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) हा परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने मोठ्या खासगी रुग्णालयांत चालणारा अभ्यासक्रम असून त्यात शिकवतात चांगले, हे मी तेथून आलेल्या सहकाऱ्यांकडे पाहून सांगू शकते. मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी ती पदव्युत्तर पदवी नाही आणि तिच्या आधारे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकाची नेमणूक मिळत नाही. घरी एवढे स्पष्ट सांगून मगच ती वाट धरावी.

तीन वर्षांची आखणी कशी असते?

पहिले वर्ष जवळजवळ पूर्ण विभागातच जाते. त्यानंतर भूल विभाग, मेडिसिनचा आयसीयू, बालरोग, हृदयरोग, ऑर्थो, सर्जरी, स्त्रीरोग अशी पोस्टिंग्ज येतात आणि त्यांच्या मध्ये पुन्हा पुन्हा विभागात परतावे लागते. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांप्रमाणे तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढणे बंधनकारक आहे. प्रबंध आहे, संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, लॉगबुक आहे आणि शेवटी चार लेखी प्रश्नपत्रिका व प्रात्यक्षिक परीक्षा आहे.

या पोस्टिंगांपैकी भूल विभागाचा काळ कोणीही हलक्यात घेऊ नये. ऑपरेशन थिएटरात उपाशीपोटी, शांत झोपवलेल्या, चांगल्या प्रकाशातल्या रुग्णाला श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याचा हात बसलेला असेल, तरच पोट भरलेल्या, रक्ताने तोंड माखलेल्या आणि मानेला कॉलर लावलेल्या माणसाला ट्यूब टाकताना हात थरथरत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या तीन महिन्यांबद्दल पुष्कळ रेसिडेंट कुरकुर करतात. मला मात्र ते उपयोगाचे वाटले, कारण आपल्याकडे ‘इतक्या उशिरा का पाठवले’ म्हणून ज्यांच्यावर आपण चिडतो त्या डॉक्टरांच्या हाताशी रात्री काय असते आणि काय नसते, ते तेथे दिसते.

या शाखेत नेमके शिकायला काय मिळते? सगळ्याच विषयांचे थोडे थोडे?

हा प्रश्न बहुधा मेडिसिनचे प्राध्यापक असलेले काका विचारतात आणि त्यात थोडा टोमणा असतो. उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

एमबीबीएसला हिस्टरी, तपासणी, चाचण्या, निदान आणि मग उपचार असा क्रम अंगात मुरवलेला असतो, आणि वॉर्डातल्या रुग्णासाठी तो योग्यही असतो. लाल विभागात, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या जागी, आणलेल्या रुग्णाच्या बाबतीत श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी सगळे अंग उघडून पाहणी या क्रमाने चालावे लागते, आणि जेथे बिघाड सापडेल तेथे थांबून तो आटोक्यात आणल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. निदान पुष्कळदा दोन दिवसांनी वॉर्डात ठरते. ‘याला काय झाले आहे’ याच्या आधी ‘पुढच्या तासाभरात याचा जीव कशाने जाऊ शकतो’ हे विचारण्याची सवय लागायला पहिले वर्ष लागते.

एक उदाहरण देते. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या एक मराठी आजी सकाळी मुलाबरोबर रिक्षाने आल्या. “मला काही झालेलं नाही हो डॉक्टर, पित्त खवळलंय. रात्री ठेचा खाल्ला, पहाटेपासून मळमळतंय,” असे त्या स्वतःच सांगत होत्या, आणि मुलाला अ‍ॅसिडिटीचे इंजेक्शन घेऊन लवकर घरी जायचे होते. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने “आजी, पित्त असेलही, पण आधी ईसीजी काढून घेऊ” म्हणून त्यांना झोपवले. अशा तक्रारीत दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो, आणि जुना मधुमेह असेल तर हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नाडी मंद होती, कपाळावर घाम होता, रक्तदाब नव्वदच्या आसपास. ईसीजीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर उचललेला दिसला, म्हणजे हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका. आमचे कन्सल्टंट त्या रेसिडेंटच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, “नायट्रेट देणार का?” (हे रक्तवाहिन्या सैलावणारे औषध) आणि उत्तर येईपर्यंत ते गप्प राहिले. रेसिडेंटने क्षणभर विचार केला, छातीच्या उजव्या बाजूचे लीड लावले, त्यांतल्या व्ही-फोर-आरमध्येही एसटी उचललेला पाहिला आणि म्हणाला, “नाही सर, राइट व्हेंट्रिकल आहे. नायट्रेट दिले तर प्रेशर पडेल. सलाइन देतो आणि कॅथ लॅबला फोन करतो.” राइट व्हेंट्रिकल म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा, आणि कॅथ लॅब म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडण्याची खोली.

सगळ्या विषयांचे थोडे थोडे, असे ज्याला म्हणतात ते हे आहे. त्या रेसिडेंटला कार्डिऑलॉजिस्टइतके हृदय ठाऊक नाही, पण पहिल्या वीस मिनिटांत काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, हे त्याला कार्डिऑलॉजिस्ट येण्याआधी ठाऊक असावे लागते. शिवाय येथे शिकवण्याची पद्धतही दिसते. कन्सल्टंट मागे उभे होते, त्यांनी औषध हातातून काढून घेतले नाही आणि चुकीचे औषध जाऊही दिले नसते. अशी माणसे रात्रीच्या पाळीलाही मिळतात की नाही, यावर प्रशिक्षणाची किंमत ठरते. याकडे शेवटच्या प्रश्नात पुन्हा येईन.

बडोद्यात कोणत्या प्रकारचे रुग्ण पाहायला मिळतात?

शहराचा स्वभाव विभागात उमटतो. येथे सर सयाजीराव जनरल रुग्णालय, ज्याला गावात नुसते ‘सयाजी’ म्हणतात, आणि १९४९ मध्ये सुरू झालेले बडोदा मेडिकल कॉलेज यांच्यामुळे छोटा उदेपूर, पंचमहाल, नर्मदा या जिल्ह्यांतून आणि पलीकडे मध्य प्रदेशातील अलिराजपूरपर्यंतच्या भागातून रुग्ण शहराकडे येण्याचा प्रघात जुनाच आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि अहमदाबाद-बडोदा द्रुतगती मार्ग यांमुळे अपघातांचा ओघ थांबत नाही, आणि नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहती जवळ असल्यामुळे वायूने घुसमटलेले वा अंगावर रसायन उडालेले कामगार येतात. अशा वेळी पहिला उपचार विभागाबाहेर, कपडे काढून आणि भरपूर पाण्याने धुऊन होतो. ते न करता रुग्णाला आत घेतले, तर थोड्या वेळाने सिस्टरही डोळे चोळू लागतात.

पावसाळ्यात सर्पदंश वाढतात. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणून काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची, ही साधी चाचणी आम्ही सतत करतो. मण्यारीचा प्रकार वेगळा आहे. शेतातल्या घरात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, अंगावर दंशाची खूण सापडत नाही, सूज नसते, ती वीस मिनिटांची चाचणीही साधारण येते, आणि सकाळी पापण्या खाली येऊ लागतात. पोटदुखी म्हणून आलेल्या अशा माणसाला “वर बघा, डोळे मोठे करा” असे सांगायचे सुचले पाहिजे. पापण्या उचलत नसतील तर प्रतिविष सुरू करायचे आणि श्वास थकण्याच्या आधी व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. मण्यारीच्या विषाचा स्नायूंवरील परिणाम प्रतिविष दिल्याने लगेच ओसरत नाही, त्यामुळे दिवसेंदिवस व्हेंटिलेटर लागू शकतो, पण नीट सांभाळलेला असा रुग्ण पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो.

कीटकनाशकांच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध किती द्यावे हे पुस्तकात वाचून कळत नाही. दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत, छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी व रक्तदाब सावरेपर्यंत जायचे असते. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर नजर ठेवून चालत नाही. रुग्णाच्या शेजारी स्टूल टाकून, दर पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप लावून, कागदावर वेळ आणि मात्रा लिहीत बसणारा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट त्या रात्री दुसरे काहीही करू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

विश्वामित्री नदीत मगरी आहेत, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही. मगरीच्या चाव्याच्या जखमा खोलवर धुवायच्या, शक्यतो लगेच शिवायच्या नाहीत आणि प्रतिजैविके व धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे, हे धडे परीक्षेत विचारले जात नाहीत, येथे उपयोगी पडतात.

उत्तरायणाला सुट्टी मिळते का?

नाही. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण या दोन दिवसांत रजेचा अर्ज लिहिण्याची हिंमतही कोणी करीत नाही. घरोघरी तिळगूळ आणि उंधियू चालू असताना विभागात दोन प्रकारचे रुग्ण येत राहतात. गच्चीवरून पडलेली मुले हा एक प्रकार, आणि दुचाकीवरून जाताना मांजाने गळा चिरलेली माणसे हा दुसरा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, तरी तो दिसतोच.

गळ्याच्या जखमेपुढे नव्या रेसिडेंटचा हात आपोआप गॉज उचलून आत किती खोल आहे ते पाहायला जातो, आणि नेमके तेच करायचे नसते. जखम कातडीखालच्या प्लॅटिझ्मा या पातळ स्नायूच्या पलीकडे गेली असेल, तर ती आमच्या टेबलावर उकरायची नाही, कारण बसलेली गुठळी सुटली तर रक्त आवरत नाही. बोटांनी थेट दाब ठेवायचा, आवाज बदलला आहे का, जखमेतून हवेचे बुडबुडे येतात का, गळ्याची सूज वाढते आहे का, एवढे पाहायचे आणि यांपैकी काहीही असेल तर सर्जनबरोबर थेट थिएटर गाठायचे. सिनियर त्या वेळी जवळ नसेल तर पहिल्या वर्षाच्या मुलाने दाब सोडू नये आणि ओरडून हाक मारावी. ओरडणे येथे असभ्य मानले जात नाही.

जाता जाता : मांजा गळ्याला लागू नये म्हणून स्कूटरच्या हँडलला लावायची वाकवलेली तार स्वस्त मिळते. आमच्या विभागातल्या सगळ्यांच्या गाड्यांना डिसेंबरातच लागते.

ड्यूटीचे तास किती असतात? मुलगी झोपते केव्हा?

केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत दिवसाला बारा तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा लिहिलेली आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कार्यगटाने २०२४ मध्ये आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांपेक्षा अधिक काम नसावे आणि एक साप्ताहिक सुट्टी असावी अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत मर्यादा कमी व्हायच्या ऐवजी शिफारशीतला आकडाच सव्वीस तासांनी वाढला, यातून प्रत्यक्षातली परिस्थिती काय असेल ते समजून घ्यावे. अमेरिकेत या शाखेच्या रेसिडेंटला विभागात सलग बारा तासांपेक्षा अधिक पाळी लावता येत नाही.

तरीही इतर शाखांतल्या मैत्रिणींपेक्षा आम्ही सुखी आहोत असे मी म्हणेन, कारण आमच्याकडे पाळी असते आणि पाळी संपते. छत्तीस तास सलग उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही. मात्र पाळ्या सतत फिरत राहिल्याने शरीराचे वेळापत्रक बिघडते, सणवार हुकतात आणि घरचे लोक दुपारी दोन वाजता फोन करून ‘अजून झोपलीस?’ असे विचारतात. खोलीला जाड काळे पडदे लावावेत, रात्रपाळीनंतर स्वतः गाडी चालवत लांब जाऊ नये आणि शेवटच्या दोन तासांत चहा घेऊ नये. पालकांना एक विनंती करते, दुपारचा फोन टाळावा.

पाळी बदलताना दर खाटेजवळ उभे राहून हँडओव्हर द्यावा लागतो. ‘चार नंबर स्टेबल आहे’ हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. कशाची वाट पाहतो आहोत, ट्रोपोनिनचा (हृदयाला इजा झाली का ते दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) दुसरा नमुना किती वाजता जायचा आहे, सीटी झाला की कोणाला फोन करायचा आहे आणि नातेवाइकांना आतापर्यंत काय सांगितले आहे, एवढे बोलल्याशिवाय जाणाऱ्याने ॲप्रन काढायचा नाही.

दुसऱ्या विभागांशी सतत भांडणे होतात असे ऐकले आहे.

खरे आहे. मेडिसिन म्हणते पोटदुखी सर्जरीची, सर्जरी म्हणते आधी मेडिसिनकडून साखर आणि हृदय पाहून या, आणि म्हातारा माणूस ट्रॉलीवरच राहतो. वॉर्डात खाट नाही, आयसीयूत खाट नाही, म्हणून दाखल करायचे ठरलेले रुग्ण आमच्याकडेच तासन्‌तास पडून राहतात आणि नव्या रुग्णाला जागा उरत नाही. हा दोष एखाद्या रेसिडेंटच्या स्वभावाचा मानू नये, तो साऱ्या रुग्णालयाचा असतो आणि विभागप्रमुखांच्या पातळीवर लेखी नियम झाल्याशिवाय सुटत नाही. ‘एवढ्या वेळात निर्णय झाला नाही तर इमर्जन्सीचा कन्सल्टंट विभाग ठरवील’ असा नियम जेथे कागदावर आहे आणि पाळला जातो, तेथे रेसिडेंट शिकतात. जेथे नाही, तेथे त्यांची निम्मी रात्र फोनवर जाते.

कॉल देताना काय बोलावे हे मात्र आपल्या हातात असते. ‘एक पोटदुखीचा पेशंट आहे, बघून जा’ असे न म्हणता वय, मुख्य धोका, आपण काय केले आणि त्यांच्याकडून काय हवे आहे, हे चार वाक्यांत सांगितले की वरून येणारा माणूस अर्धी बाही चढवूनच येतो.

विभागात सोनोग्राफी करायला मिळते का?

मिळते, आणि मिळालीच पाहिजे. अपघाताच्या रुग्णात पोटात, छातीत किंवा हृदयाभोवती रक्त साठले आहे का, हे खाटेशेजारी दोन-तीन मिनिटांत पाहता येते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी, ते वापरणाऱ्या डॉक्टरांची नोंद आणि गरोदर स्त्रीच्या तपासणीसाठी एफ फॉर्म हे सर्व सांभाळावे लागते. कायद्यामागचे कारण रास्तच आहे. काही ठिकाणी मात्र कागदांच्या भीतीने यंत्र कपाटात कुलूपबंद असते आणि चावी दिवसपाळीच्या माणसाबरोबर घरी जाते. प्रवेशाआधी चावी कोठे असते हे विचारून घ्यावे.

१०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो का?

महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा हा प्रश्न असतो, कारण तेथील १०८ मध्ये डॉक्टर असतो. गुजरातेत ही सेवा ऑगस्ट २००७ पासून चालू आहे आणि गाडीत एक प्रशिक्षित ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) व एक चालक, ज्याला पायलट म्हणतात, असे दोघे असतात. ते अतिशय तयारीचे असतात. गाडी दारात येताच ते ऑक्सिजन, रक्तदाब, वाटेत दिलेली औषधे असे सर्व तोंडी सांगतात. ते बोलत असताना ट्रॉली ओढून नेऊ नये, तीस सेकंद ऐकून घ्यावे.

गुजराती येत नसेल तर?

तीन महिन्यांत कामापुरती येते. जुन्या बडोद्यात मराठी बोलणारे रुग्ण भेटतात, हिंदी सर्वत्र चालते. खरी अडचण छोटा उदेपूरकडून येणाऱ्या आदिवासी वृद्धांच्या बोलीची होते. त्या वेळी वॉर्डातल्या एखाद्या मावशींना हाक मारावी. त्यांच्यामार्फत प्रश्न विचारताना आपण रुग्णाकडे पाहून बोलावे, मावशींकडे नव्हे.

मृत्यूची बातमी कोण सांगतो? ते शिकवतात का?

पूर्वी कोणी शिकवीत नसे, आता बऱ्याच ठिकाणी शिकवतात, आणि हा भाग मला सर्वांत कठीण वाटतो. अपघातातल्या तरुणाची बातमी ज्यांना सांगायची, ते तासाभरापूर्वी घरी जेवत बसलेले असतात. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी आहे : बातमी उभ्याने, दारात, घोळक्यापुढे सांगायची नाही. नात्यातल्या दोघा-तिघांना बाजूच्या खोलीत नेऊन बसवायचे, आपणही बसायचे, फोन सिस्टरकडे द्यायचा. कोण कोणाचे कोण लागते हे आधी विचारायचे. काय झाले आणि आपण काय केले हे दोन वाक्यांत सांगून मग ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगायचे. ‘आम्ही प्रयत्न केले, पण…’ एवढ्यावर थांबले तर माणसे अजून आशा धरतात. त्यानंतर गप्प बसायचे. शवविच्छेदनाचे आणि पोलिसांचे कागद त्याच श्वासात काढायचे नाहीत, पण ते लागणार आहेत हे त्याच बैठकीत सांगितलेच पाहिजे, नाहीतर पुढे शवागाराच्या दारात तेच प्रकरण चिघळते.

सिनियरने हे करताना आपण निदान काही वेळा शेजारी बसलेले असावे, मग सिनियर शेजारी असताना आपण बोलावे आणि त्यानंतरच एकट्याने. ज्या विभागात पहिल्याच महिन्यात नव्या मुलाला ‘जा, सांगून ये’ म्हणून पाठवतात, तेथे शिकवणे झालेले नाही.

मारहाणीची भीती वाटते. काळजी घेतात का?

भीती खरी आहे. कोलकात्यातील रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने, कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास संस्थाप्रमुखाने सहा तासांत एफआयआर नोंदवावा असे निर्देश दिले. प्रत्यक्षात हल्ला टळतो तो रुग्णामागे एक-दोघांनाच आत सोडण्याने आणि दर अर्ध्या तासाने कोणीतरी बाहेर जाऊन काय चालले आहे ते सांगण्याने. ट्रॉलीवर दोन तास पडलेल्या रुग्णाच्या भावाशी कोणी बोललेच नसेल, तर तो चिडेल यात नवल नाही. मुलींच्या पालकांनी ड्यूटी रूमला आतून कडी आहे का, आणि विभागापासून ती किती लांब आहे, हे जरूर पाहावे.

पैसे नसलेल्या रुग्णाचे काय करतात?

आधी उपचार. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांची कागदपत्रे होण्याची वाट न पाहता जखमीवर तातडीने उपचार करणे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सांगितले. रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोकड देण्याची तरतूद आहे. जखमीला घेऊन येणाऱ्या वाटसरूला कायद्याने संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

पुढे काय करता येते? प्रॅक्टिस टाकता येत नाही ना?

स्वतःची पाटी लावून दवाखाना टाकण्याची ही शाखा नाही, हे मान्य. शिक्षण रुग्णालयात अध्यापन, खासगी रुग्णालयात इमर्जन्सीचे काम, किंवा नीट-एसएस ही अतिविशेष शाखांची प्रवेशपरीक्षा देऊन क्रिटिकल केअरमध्ये (अतिदक्षता) डी.एम. हे मुख्य मार्ग आहेत. परदेशी जाऊ इच्छिणारे ब्रिटनची एमआरसीईएम परीक्षा देतात. विद्यावेतन राज्यागणिक आणि संस्थेगणिक बदलते, बाँडच्या अटीही बदलतात. समुपदेशनाच्या वेळचे ताजे पत्रक वाचावे, सिनियरच्या आठवणीवर विसंबू नये.

जागा निवडण्याआधी विभाग पाहायला यावे का?

यावे, आणि शक्यतो रात्री यावे. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन रात्री एकनंतर दोन तास कोपऱ्यात उभे राहावे. सकाळी अकराला सगळेच विभाग चांगले दिसतात. त्या वेळी अनुभवी माणूस विभागात आहे की ‘ऑन कॉल’ म्हणून घरी आहे, पहिल्या वर्षाचा रेसिडेंट ट्यूब टाकतो तेव्हा त्याच्या खांद्यामागे कोण उभे आहे, ट्यूब योग्य जागी गेल्याची खात्री कॅप्नोग्राफने (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राने) करतात की नुसती छाती ऐकून, हिरव्या, म्हणजे किरकोळ तक्रारींच्या, विभागातल्या रुग्णाला घरी सोडण्याचा निर्णय त्या मुलाने एकट्याने घ्यायचा असतो का, नमुने प्रयोगशाळेत नेणे आणि ट्रॉली ढकलणे यात त्याची किती रात्र जाते, हे सारे न विचारताही दिसते.

विचारायचे असेल तर दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठावे. पहिल्या वर्षाचा थकलेला असतो आणि तिसऱ्या वर्षाचा परीक्षेच्या धास्तीत असतो. त्याला एवढेच विचारावे की विभागात झालेल्या मृत्यूंवर चर्चेची शेवटची बैठक केव्हा झाली, आणि तीत बोलणाऱ्यांत कन्सल्टंट होते का. अशी बैठक होत नसेल, किंवा झाली तरी तीत फक्त रेसिडेंटचीच झाडाझडती होत असेल, तर शहर आवडीचे असले, वसतिगृह नवे असले आणि विद्यावेतन अधिक असले तरी चॉइस फिलिंगच्या यादीत मी ती जागा खाली टाकीन.